मंगळावरचा ताईत आणि पेवातलं घड्याळ: विज्ञानकथा कशाला म्हणायचं?

फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिन येतो. १९२८ साली याच महिन्याच्या २८ तारखेचा रामन यांचा शोध, म्हणून तो दिवस. यंदा त्या निमित्तानं सांगलीत मुलांची विज्ञानकथा स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून मला बोलावणं आलं. माझी पात्रता एवढीच, की वाचत आलोय. दुसऱ्या परीक्षक होत्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम. पुढ्यात चहा, भडंग आणि कथांचा गठ्ठा. संध्याकाळपर्यंत बाकीच्या कथा निकालात निघाल्या आणि दोन कथांवर गाडी अडली.

पहिली नववीतल्या मुलाची. साल २१५०. मंगळावर वसाहत, रोबो, लेसरच्या बंदुका, सगळा जामानिमा. शेवटी शत्रूचे रोबो चाल करून येतात आणि नायकाच्या गळ्यातला आजीनं दिलेला ताईत चमकतो. रोबो जागच्या जागी दगड होतात.

दुसरी आठवीतल्या मुलीची, हरिपूरची. तिच्यात रॉकेट नव्हतं. हळदीचं पेव होतं.

पेव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे करायचे. तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं बंद केलं की आत प्राणवायू कमी होत जातो, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पण जे किडीला लागू तेच माणसाला. म्हणून पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नाही. आधी कंदील सोडतात. विझला, तर थांबायचं. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं गेली.

तर त्या मुलीच्या कथेत पेव भरताना आजोबांचं मनगटी घड्याळ आत पडतं. दीड वर्षानं पेव उघडतात, घड्याळ सापडतं, चालू असतं, आणि ते फक्त दीड दिवस पुढे गेलेलं असतं. घरचे म्हणतात, सेल गेला असेल. नातीला पटत नाही. ती दोरीला चार घड्याळं चार ठिकाणी बांधून पेवात सोडते आणि वहीत मांडते. जितकं खोल, तितकं मंद. मग ती मोड आलेली मटकी सोडते. मटकीचे मोड वाढत नाहीत. मग आजोबा आजारी पडतात, औषध अजून निघालेलं नसतं, आणि नातीच्या डोक्यात येतं की आजोबांनाच खाली ठेवलं तर? पण सोडलेला कंदील दिसेनासा होतो. कथा तिथं थांबते.

संयोजकांतले एक काका म्हणाले, "पहिलीत विज्ञान दिसतंय. दुसरी म्हणजे गावाकडची गोष्ट झाली की!"

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बहुतेकांची समजूत तीच असते. रॉकेट आलं की विज्ञानकथा, राक्षस आला की अद्भुतकथा. सामान बघून घर ओळखायचं. पण ही खूण फसवी आहे.

आयर्विन पुलाखालचं पाणी

पावसाळ्यात सांगलीतला माणूस सकाळी उठून पहिला प्रश्न विचारतो, "आयर्विनला किती झालं?" कृष्णेवरच्या या पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ साली आकडा ५७ च्या वर गेला होता. ते पाणी कशावर चढलं? खोऱ्यात पडलेल्या पावसावर, कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर, वारणेच्या फुगवट्यावर. त्या पाण्यानं दत्ताचा भक्त बघितला नाही, सावकार बघितला नाही. सगळ्यांच्या घरात सारखंच शिरलं.

आता दुसरी नदी आठवा. वसुदेव टोपलीत बाळ घेऊन यमुनेत उतरतो. पाणी चढत चढत वर येतं, बाळाच्या पायाला लागतं आणि ओसरतं. कारण यमुनेला कळलं, हा कोण आहे ते.

माझ्या मते सगळा फरक या दोन नद्यांमध्ये आहे. अद्भुतकथेतलं जग तुम्हाला ओळखतं. तुमचं कूळ, तप, शाप, शब्द, मन, सगळं त्याला ठाऊक असतं आणि त्याप्रमाणे ते वागतं. विज्ञानकथेतलं जग कोणाला ओळखत नाही. नियम बदलतील, नवे येतील, विचित्र असतील, पण ते राजाला आणि रामोशाला एकच. शेतातली मोटार जशी मालकाचं पुण्य बघून चालत नाही. तिला फ्यूज कळतो आणि व्होल्टेज कळतं.

महाभारतात याचं फार सुंदर उदाहरण आहे. युद्धानंतर अश्वत्थामा आणि अर्जुन दोघंही एकमेकांवर तेच भयंकर अस्त्र सोडतात. ऋषी मध्ये पडतात आणि म्हणतात, मागे घ्या. अर्जुन घेतो, कारण त्याचं व्रत शुद्ध आहे. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. अस्त्र एकच, मंत्र तोच, पण अस्त्राला कळतं की सोडणारा कोण आहे. म्हणून ती गोष्ट इतकी मोठी आहे. तिथं शस्त्र आणि शील यांचा संबंध आहे. त्या अस्त्राला अणुबॉम्ब म्हणून लोक खूश होतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण गोष्टीचा गाभाच निघून जातो. अणुबॉम्बला व्रत कळत नाही.

हाच गज ताईताला लावा. तो चमकतो कारण आजीची माया खरी आहे. मंगळ, रोबो, लेसर ही नेपथ्याची भिंत झाली. भिंत काढून सह्याद्रीतला किल्ला उभा करा आणि रोबोच्या जागी गिलचे आणा, कथा जशीच्या तशी चालेल. पेवाच्या कथेत मात्र पेव काढलं तर काहीच उरत नाही. युगोस्लाव्हियात जन्मलेले समीक्षक डार्को सुव्हिन यांनी १९७० च्या दशकात या गोष्टीला नाव दिलं: 'नोव्हम', म्हणजे आपल्या जगात नसलेली ती एक नवी गोष्ट, जिच्यावर सगळी कथा तोललेली असते आणि जिच्याबद्दल बुद्धीला प्रश्न विचारता येतात. हा एवढा एक जड शब्द. पुढे मी त्याला नुसतं 'नवी गोष्ट' म्हणेन.

रेवती आणि अंतराळवीर

भागवतात ककुद्मी राजाची कथा येते. मुलगी रेवती हिला साजेसा वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथं गंधर्वांचं गाणं चाललेलं असतं, म्हणून क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर विचारतो तर ब्रह्मदेव हसतात. एवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली, मनात धरलेली सगळी स्थळं कधीच गेली. शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी होतं.

ही विज्ञानकथा का नाही? वेळ सगळ्यांचा सारखा चालत नाही हे तर आइन्स्टाइननंही १९०५ मध्ये सांगितलं.

आइन्स्टाइनचं म्हणणं असं. तुम्ही जितक्या वेगानं जाल तितकं तुमचं घड्याळ, मागं राहिलेल्याच्या हिशेबानं, मंद चालेल. एसटीच्या वेगाला हा फरक कळण्यासारखा नसतो. पण प्रकाशाच्या वेगाच्या ९९.५ टक्के वेगानं कोणी मिरजेहून निघालं आणि तिच्या घड्याळानं पाच वर्षांनी परत आलं, तर मिरजेत पन्नास वर्षं उलटलेली असतील. वर्गमैत्रिणी नातवंडांना शाळेत सोडायला निघालेल्या. १९७१ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी अतिअचूक आण्विक घड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली आणि फरक खरोखर सापडला. तुमच्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं, वेग (त्यानं घड्याळ मंद होतं) आणि गुरुत्वाकर्षण (ते वर कमी, म्हणून घड्याळ जलद) दोन्ही धरून, जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. क्षुल्लक वाटतं, पण तेवढ्यात प्रकाश सुमारे ३०० मीटर जातो. ३८ नं गुणा. हा फरक दुरुस्त केला नाही तर दिवसाअखेर चूक अकरा किलोमीटरची. सांगलीत उभे राहाल आणि फोन तुम्हाला मिरजेपलीकडे नेऊन ठेवेल.

ककुद्मीच्या कथेत आकडेही आहेत, तेव्हा केवळ आकड्यांनी काही ठरत नाही. पुराणांचा हिशेब पक्का असतो: ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षं. पण तो काळ ब्रह्मलोकाचा आहे, ब्रह्मदेवाच्या थोरवीचा आहे. राजा हळू गेला असता तर फरक कमी पडला असता का, हा प्रश्न त्या कथेला विचारलाच जात नाही. अंतराळवीराच्या कथेला तो पहिल्या पानावर विचारला जातो आणि उत्तर द्यावं लागतं.

गंमत म्हणजे हरिपूरच्या मुलीनं पेवात घड्याळ वर्षाला एक दिवस चालवलं होतं. हे प्रमाण कुठून आलं विचारल्यावर म्हणाली, आजीकडून. माणसाचं एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस. म्हणजे बी पुराणातलं आणि पीक विज्ञानकथेचं. कच्चा माल कुठूनही येऊ दे. पुढं वही घेऊन कोण बसतं, ते बघायचं.

"पण विज्ञानकथेतही थापाच असतात की"

असतात. प्रकाशापेक्षा वेगवान यानं, कालयंत्रं, सगळ्या थापाच. पण एक थाप माफ, दुसरी नाही. एच. जी. वेल्स यांनी १९३४ मध्ये आपल्या कथांच्या प्रस्तावनेत हेच सांगितलं, की काहीही घडू शकतं म्हटल्यावर कशातच रस राहत नाही. एक अशक्य गोष्ट मान्य करून घ्यायची, मग बाकी सगळं जग रोजच्या जगासारखं कडक ठेवायचं. पत्त्यांच्या डावात जोकर एकच असतो, म्हणून डाव रंगतो.

याच वेल्सवर ज्यूल व्हर्न नाराज होते. दोघांनीही माणसं चंद्राकडे पाठवली. व्हर्न यांनी १८६५ मध्ये तोफेतून, वेल्सनी १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ कल्पून. व्हर्न यांचं म्हणणं, मी भौतिकशास्त्र वापरतो, हा मनचं रचतो. आता हिशेब करून बघा. व्हर्न यांची तोफ ९०० फूट लांब आणि गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. एवढ्या नळीत तो वेग गाठायचा तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे २२ हजार पट जोर येतो. चटणी सुद्धा बारीक होणार! तरीही दोन्ही विज्ञानकथाच आहेत. व्हर्न यांची कथा आपल्याला हा हिशेब करू देते आणि चूक पकडू देते. चुकीचं ठरता येणं ही विज्ञानकथेची लाज नाही. ताईत कधी चुकत नाही.

शास्त्रच पुढं बदललं तर काय, असंही कोणी विचारेल. मंगळावर कालवे आहेत असं एकेकाळी मानणारे खगोलशास्त्रज्ञ होते. १९६५ मध्ये मरिनर ४ या यानानं जवळून छायाचित्रं पाठवली आणि कालवे पुसले गेले. त्या कालव्यांवर आधी लिहिलेल्या कथा विज्ञानकथाच राहिल्या. आज कोणी लिहील तर मात्र त्याला कालव्यांचं कारण द्यावं लागेल.

सगळं समजावून सांगावंच लागतं का?

नाही. इथं नवोदित लेखक फार घसरतात. कथा थांबवून दोन पानं पाठ्यपुस्तक. १८१८ साली मेरी शेली या वीस वर्षांच्या मुलीनं मृत अवयव जोडून जिवंत केलेल्या प्राण्याची कादंबरी लिहिली. पुष्कळ जण तिथूनच विज्ञानकथा मोजतात. त्यात जीव नेमका कसा आला, ते तिनं सांगितलेलंच नाही. नायक म्हणतो, मी सांगणार नाही. पण तो मंत्र म्हणत नाही, देवाला कौल लावत नाही. तो रात्रंदिवस प्रयोगशाळेत खपतो, आणि जे त्याला साधलं ते दुसऱ्यालाही साधेल या भीतीनंच तो तोंड मिटतो. मंत्र असता तर ही भीती वाटली नसती.

उलट बाजूनं १९७७ चा 'स्टार वॉर्स' घ्या. यानं आहेत, ग्रह आहेत, यंत्रमानव आहेत. पण मुळाशी एक गूढ शक्ती, ती जाणणारे गुरू, निवडलेला शिष्य, प्रकाशाच्या तलवारी. मला तो अंतराळातला वीरगाथेचा पोवाडा वाटतो, आणि पोवाडा म्हणून उत्तम वाटतो. १९९९ च्या भागात ती शक्ती रक्तातल्या सूक्ष्म जीवांच्या संख्येवर मोजली जाते असं दाखवलं आणि जुने चाहते भडकले. विज्ञानाची फोडणी दिल्यानं चव बिघडली. त्यांना ओळखणारं जग हवं होतं.

रॉकेटाशिवाय विज्ञानकथा

आपल्याकडचं याचं सर्वांत चांगलं उदाहरण शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाचं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं, की नावाची आद्याक्षरं उलटी करून जयंत विष्णू नारळीकरांनीच ती पाठवली होती. नावाचा दबाव नको म्हणून. (आमच्या स्पर्धेतही कागदांवर फक्त क्रमांक होते. जग कोणाला ओळखत नाही, हा नियम परीक्षकांनाही बरा.)

त्यांच्या पानिपतावरच्या कथेत एक इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात पोचतात जिथं १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. फरक केवढा? विश्वासरावांना लागलेली गोळी तिथं कानाला चाटून गेली. बस. यान नाही, यंत्र नाही. पण एवढ्याशा फरकानं सगळं पालटू शकतं याला गणितातलं कारण दिलंय, आणि दोन्ही जगं असू शकतील याला अणूंच्या दुनियेतल्या अनिश्चिततेचं. कथा वाचून झाल्यावर आपलीच चक्रं फिरायला लागतात. सांगली संस्थान १८०१ साली मिरजेपासून वेगळं निघालं. पानिपत जिंकलं असतं तर ते निघालं असतं का? ही कथा कुठं संपली असती? एका नव्या गोष्टीतून न थांबणारे 'मग पुढं?' निघाले की ओळखावं.

"पुरेसं प्रगत तंत्र म्हणजे जादूच ना?"

आर्थर सी. क्लार्क यांचं वचन लोक तोंडावर फेकतात: पुरेसं प्रगत तंत्रज्ञान आणि जादू यांत फरक करता येत नाही. खरं आहे, पण बघणाऱ्याच्या बाजूनं. माझ्या आजीला रेडिओ जादूच वाटायचा. पण गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे तो नेला की तो पाठ उघडायचा, डागणी लावायचा आणि रेडिओ बोलायचा. त्यानं आजीचं गोत्र विचारलं नाही. कथेत कुठं तरी तो दुरुस्तीवाला असू शकतो, अशी जागा लेखकानं ठेवली आहे का, एवढंच विचारायचं.

काही अद्भुतकथांत आता जादूलाही काटेकोर नियम असतात, वर्ग असतात, परीक्षा असतात. तिथं मीही अडखळतो. जादू कोणालाही, कितीही वेळा, मोजूनमापून साधत असेल तर मी ते पुस्तक विज्ञानकथांच्या फळीवर ठेवीन. रक्तात असावी लागत असेल तर पलीकडच्या. दोन फळ्यांमधल्या फटीत काही पुस्तकं पडणारच.

आणि पुष्पक विमान? ते स्वाराच्या मनाप्रमाणे जातं, म्हणजे ओळखणारंच वाहन. त्याला इंजिन शोधत बसणं हा रामायणावरचा अन्याय आहे. विमानविद्येचा प्राचीन ग्रंथ म्हणून फिरणाऱ्या एका पोथीची १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तपासणी केली. पोथी विसाव्या शतकातली निघाली आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नव्हती. वाल्मीकींचं त्यात काही गेलं नाही.

हा गज बाजारातही उपयोगी पडतो. जत्रेत 'क्वांटम' लॉकेट विकणारा म्हणाला की विश्वास असेल तरच गुण येतो, तर समजावं, शब्द प्रयोगशाळेतला आहे आणि माल ताईताचा.

अद्भुतकथा कमी दर्जाची, असं यातून कोणी काढू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत सीतास्वयंवर रंगवलं, तिथून आमच्या नाटकाचा जन्म. सीतेला उचलता येणारं धनुष्य रावणाला का पेलत नाही, याला भौतिकशास्त्रात उत्तर नाही, आणि ते मागूही नये.

कंदील

ताईतवाल्या मुलाला भाषेसाठी उत्तेजनार्थ दिलं, आणि ते मनापासून. पेवाच्या कथेला पहिलं. काकांचं समाधान मॅडमनी केलं. म्हणाल्या, खाली ठेवलेलं घड्याळ खरंच मंद चालतं. २०१० मध्ये अमेरिकेत एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा जेमतेम फूटभर उंच ठेवून हा फरक मोजलाय. वीस फूट खोलीला तो वर्षाकाठी सेकंदाचा पाच कोटीवा भाग भरतो. पोरीनं एवढीच थाप मारली, की तो वाढवला.

बक्षिसाच्या दिवशी मॅडमनी तिला गाठलंच. "एक चूक आहे तुझ्या कथेत. खाली वेळ मंद, तर कंदीलही मंदच जळेल, आजोबांचा श्वासही मंदच. म्हणजे हवा पुरेल की. मग कंदील का विझला?"

मुलगी गप्प. बक्षिसाचं पुस्तक छातीशी धरून उभी. मग म्हणाली, "मॅडम, मंद जळणारा कंदील वरनं कसा दिसंल?"

मॅडम बोलायला गेल्या आणि थांबल्या. "वेळ मंद म्हणजे प्रकाशाच्या लाटाही लांबणार. लालसर दिसेल. आणि वर्षाला एक दिवस इतका मंद म्हणजे..." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "दिसणारच नाही. जळत असेल, पण डोळ्याला अंधार."

"मग विझला नव्हता तो," मुलगी म्हणाली. "वरच्यांनाच तसं वाटलं."